हॉस्पिटलमध्ये फिल्डवर्क करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक मी स्वतःच केलीय म्हणून आधी तीच सांगते. पालिकेच्या एका हॉस्पिटलात टीबीच्या ओपीडीत संशोधनासाठी गेले तेव्हा पहिला आठवडा मी डॉक्टरांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले, हातात क्लिपबोर्ड, म्हणजे पेशंटच्या लेखी मी पण डॉक्टरच. एका आजींना विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना, तर म्हणाल्या "हो मॅडम, रोज." मग बाहेर बाकड्यावर शेजारी बसले, त्यांनी केसपेपर शोधायला पिशवी मांडीवर ओतली तर त्यात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं, आणि माझी नजर बघून त्याच म्हणाल्या, "उपाशीपोटी मळमळतं गं." आत मॅडम, बाहेर गं. खरी माहिती त्या गं मध्ये असते.

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९१५ मध्ये न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये राहायला गावातच तंबू ठोकला होता, आपल्याला तंबू नको, सकाळी केसपेपरच्या लाईनीत उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं. आणि "गोळ्या घेता का" विचारूच नका, "काल उठल्यापासून काय काय केलं" विचारा, गोळी कुठे राहिली ते आपोआप येतं.

दुसरं, फक्त डॉक्टर आणि सिस्टरचे इंटरव्ह्यू घेऊन सिस्टीम समजली असं वाटणं. वॉर्डातल्या मावशी, गेटवरचे मामा, गल्लीतला डॉक्टर, मेडिकलवाला, सगळे त्यात आहेत. कागदावरच पण थांबू नका. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटना खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) खात्यात जमा दिसतात, पण खातं कुणाचं, पैसे काढतं कोण, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही.

डीनचं परमिशन लेटर आणि एथिक्स कमिटीची (संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणारी समिती) मंजुरी मिळाली म्हणजे पेशंटची परवानगी मिळाली असं नाही हं. लोक आपला संमतीचा फॉर्म हॉस्पिटलचाच समजून अंगठा देतात, म्हणून "नाही म्हणालात तरी औषध मिळणारच" हे आधी तोंडाने सांगा.

नोट्स त्याच दिवशी लिहा, दोन दिवसांनी लिहिलं की आपलंच मत त्यांच्या तोंडी जातं. मी परतीच्या लोकलमध्ये लिहायचे, शेजारची बाई वाचतेय हे कळल्यावर बंद केलं.

आणि रिपोर्टात पेशंटचं नाव बदललं की झालं असं नसतं. "धारावीत चामड्याचं काम करणारी, तीन मुलींची आई" एवढं लिहिलं तरी गल्लीतले तिला ओळखतात. मी आता कामधंदा आणि मुलांची संख्या पण बदलते.