प्लगइन नंतर, आधी खोली

घरी कॉम्प्युटरवर संगीत करायला लागलेले बहुतेक जण मला पहिल्यांदा विचारतात ते प्लगइनबद्दल, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरबद्दल. माझा उलट प्रश्न ठरलेला: खोलीची लांबी किती?

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल, तर त्यांच्यामध्ये ५० हर्ट्झच्या आसपासची लहर अडकून बसते. भिंतीला टेकलात की तो बेस घुमतो, बरोबर मध्यावर बसलात की जवळजवळ गायब. मग मध्यावर बसलेला माणूस बेसचा फेडर (पातळी ठरवणारी सरकपट्टी) वर सरकवत राहतो, आणि तेच गाणं गाडीत लावलं की दारं थरथरतात. दोष कानाचा नाही, खुर्चीच्या जागेचा. पटत नसेल तर सिंथवर (सिंथेसायझरवर) साइनचा, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा, साधा आवाज घ्या आणि खालचे सूर सारख्याच व्हेलॉसिटीने (सारख्याच जोराने) एकेक करून वाजवा. एखादा सूर अंगावर येईल, त्याच्या शेजारचा शोधावा लागेल.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करावी, पुढे-मागे कानाने ठरवावं. भिंतीवर चिकटवायचा पातळ फोम दिसायला झकास, पण तो फक्त वरचे आवाज कोरडे करतो, बेसच्या वाटेला जात नाही. त्या पैशांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनल करून कोपऱ्यांत उभे करा. बाजूच्या भिंतींवरून आवाज कुठे परततो ते शोधायला आरसा वापरतात: मित्राने तो भिंतीवरून सरकवायचा, आपण खुर्चीत बसायचं, आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनल. खोलीला हातच लावता येत नसेल तर ओपन-बॅक (मागून उघड्या) हेडफोनवर काम करा; निदान भिंती तरी मधे येत नाहीत.

रेकॉर्डिंगला २४ बिट ठेवा आणि पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत वरचं टोक, उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही डिजिटलची कमाल मर्यादा). मीटर लाल होईपर्यंत गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवायची गरज टेपबरोबर गेली. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकच्या फार जवळ गायलं की आवाज जाडा होतो. काहींना तो आवडतो, मला मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र बसवताना) तो निस्तरायचा कंटाळा येतो. वीतभर अंतर, पॉप फिल्टर (प-फ-ब चे फुत्कार अडवणारी जाळी) आणि गायकाच्या पाठीमागे जाड रजई, एवढ्यावर भागतं.

मिक्स करताना शेजारी एक आवडतं, तयार गाणं ठेवा, पण त्याची पातळी खाली आणून आपल्या मिक्सएवढी करा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे पातळी न जुळवता केलेल्या तुलनेला अर्थ नाही. बराच वेळ हळू आवाजात ऐका, अधूनमधून मोनो करा, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐका. स्टिरिओत रुंद वाटणारी गिटार तिथे विरघळली, तर फेजचा घोळ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींना खोडतात.

मास्टरिंगचं, म्हणजे तयार मिक्सवरून फिरवायच्या शेवटच्या हाताचं, फार मनावर घेऊ नका. ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना येणारं सर्वांत वरचं टोक) उणे १ डेसिबलच्या खाली राहू द्या. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी उणे १४ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतं. लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने) उणे ७ पर्यंत दाबलेलं गाणंही तिथे खाली येतं, आणि चिरडलेले ड्रम मात्र चिरडलेलेच राहतात.