वसुलीचा फोन आला की आधी वही उघडा

उद्यमनगरात काम करणाऱ्या कुणाचा हप्ता एक महिना चुकतो आणि रात्री नऊला फोन येतो, "घरी येऊन तमाशा करू." घाबरून लगेच दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढू नका. माणूस खरा बुडतो तो तिथंच.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या आदेशानुसार थकीत कर्जासाठी वसुली एजंटानं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत किंवा मित्रांत बदनामी हेही चालत नाही. म्हणून प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, नाव आणि बोललेले शब्द वहीत लिहा. मेसेज पुसू नका. घरी आला तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. त्याच्या हातात रोख देऊ नका, पैसे थेट कर्जखात्यात भरा.

मग बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते, माहितीसाठी नंबर 14448. मारहाणीची धमकी असेल तर 30 दिवस थांबायचं नाही, थेट पोलीस ठाणं गाठा.

खासगी सावकाराचं "शेकडा दहा" म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला 120 टक्के! त्याच्याकडे परवाना नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.