रस्त्याकाठचं रोमन गाव कसं बघायचं? इंग्लंडमधलं वॉल

वॉलला गेलात की लगेच अवशेषांकडे पळू नका, आधी रस्ता बघा. लिचफिल्डजवळचं हे छोटंसं गाव, रोमन काळात नाव लेटोसेटम. मॅप उघडा, केंटहून लंडनमार्गे वायव्येला जाणारा वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन रस्ता बऱ्याच ठिकाणी पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसेल, आजचा ए-५ हायवे बराचसा त्याच्यावरूनच जातो, फक्त इथे बायपास काढलाय त्यामुळे गावातून जातो तो जुनाच रस्ता. जवळच रायक्निल्ड स्ट्रीट हा दुसरा रोमन रस्ता त्याला क्रॉस करतो. म्हणजे मोक्याचा नाका! आधी इथे लष्कराची छावणी होती, लष्कर पुढे गेलं पण वर्दळ काही थांबली नाही, म्हणून वस्ती टिकली.

आता साइटवर. नुसत्या बुटक्या भिंती बघून बरेच जण वैतागतात, काय कुठे काही कळत नाही. सोपा उपाय म्हणजे बाथहाउसची, म्हणजे रोमन स्नानगृहाची, भट्टी शोधायची. जाळ बाहेरच्या बाजूने घालायचे, गरम हवा फरशीखालून फिरायची, कारण फरशी विटांच्या छोट्या छोट्या खांबांवर उचललेली असायची, आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून ती हवा वर जायची. म्हणजे भट्टीला चिकटून सगळ्यात गरम खोली, मग कोमट, मग थंड. या क्रमाने चालत गेलं की प्लॅन आपोआप उलगडतो. एखादी भिंत मधेच आडवी आली तर गोंधळू नका, इथे बऱ्याचदा पाडून-वाढवून बांधकाम झालंय.

शेजारी मान्सिओ, म्हणजे सरकारी रेस्ट हाउसच म्हणा ना, मधे चौक आणि भोवती खोल्या. सरकारी कामाने फिरणाऱ्यांची सोय, परवाना असेल तर मुक्काम आणि ताजे घोडे.

गावातलं म्युझियम लहान आहे पण चुकवू नका, फक्त ते रोज उघडं नसतं, निघण्याआधी इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर वेळा बघा.

आणि मेटल डिटेक्टर घरीच ठेवा प्लीज. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय तो वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरीकडे कुठे शेतात, मालकाच्या परवानगीने शोधताना काही सापडलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका, नेमकी जागा लिहून ठेवा आणि त्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा. १९९६ च्या ट्रेझर अॅक्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या खजिन्याबद्दलच्या कायद्यात, बसणारी वस्तू असेल तर कळवणं सक्तीचंच आहे.