फ्लोअर हीटिंगच्या पाइपांखाली इन्सुलेशन कसे घालावे

फ्लोअर हीटिंगमध्ये बॉयलरचे गरम पाणी जमिनीतल्या पाइपांतून फिरते आणि खोली गरम करते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात असे घर बांधणारी मंडळी बॉयलरसाठी चार ठिकाणी चौकशी करतात, पण पाइपांखाली काय घालायचे ते कंत्राटदारावर सोडतात. उष्णता वरच जाते, मग खाली खर्च कशाला, असा समज असतो. वर चढते ती गरम हवा. काँक्रीटमधली उष्णता जिकडे गार असेल तिकडे ओढली जाते, खालच्या मातीतसुद्धा. बॉयलर पुढे बदलता येतो. स्लॅब ओतल्यावर त्याच्याखाली काही करता येत नाही. बजेट ताणले असेल तर टाइल्स साध्या घ्या, पण इथे काटकसर नको.

जमिनीवर नवा स्लॅब घालायचा असेल तर आधी माती धुम्मस करून घट्ट बसवा आणि तिच्यावर सुमारे १०० मिमी धुतलेली खडी पसरा. बारीक चुरा असलेली खडी नको, तिच्यातून ओल वर चढते. खडी नीट सपाट करा. फोमची शीट टाकून तिच्यावर उभे राहून पाहा. डुगडुगली तर उचला आणि खालची पोकळी भरा.

फोम एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनचा घट्ट बोर्ड, घ्यावा. इंचाला साधारण आर-५ मिळतो, म्हणजे दोन इंचांत आर-१० (आर हे उष्णता अडवण्याचे माप, आकडा मोठा तितके चांगले). थंड प्रदेशात याहून कमी करू नका, आणि स्थानिक नियम जास्त मागत असतील तर तेवढा घाला. एक-एक इंचाचे दोन थर सांधे चुकवून लावले तर फटी राहत नाहीत. फोम दबेल ही भीती नको: चार इंची स्लॅबचा भार चौरस इंचाला अर्ध्या पौंडाहूनही कमी असतो. खांब किंवा भार घेणारी भिंत येणार असेल तिथे मात्र इंजिनिअरला विचारा.

बुडबुड्यांची चकचकीत फॉइल या फोमऐवजी कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. फॉइल उष्णता परतवते ती समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. काँक्रीटला चिकटली की तो गुण संपतो, शिवाय ओल्या सिमेंटमधल्या अल्कलीने ॲल्युमिनियम खराब होते.

सर्वांत जास्त लक्ष कडेला द्या. स्लॅबखालची माती हिवाळ्यातही बाहेरच्या हवेइतकी थंड नसते. स्लॅबची कड मात्र उणे वीसच्या हवेपासून काही इंचांवर असते. म्हणून चारही बाजूंनी, गॅरेजच्या दारापाशीसुद्धा, दोन इंची फोम स्लॅबच्या पूर्ण जाडीइतका उभा लावा आणि खालच्या फोमला घट्ट भिडवा. वरची कड ४५ अंशांत कापली की ती फ्लोअरिंगखाली लपते. कड उघडी राहिलेले घर बर्फातही ओळखू येते: भिंतीलगत ओली काळी पट्टी दिसते.

फोमवर ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पॉलिथिनचा कागद अंथरा, सांध्यावर फूटभर चढवून टेप लावा. त्यावर जाळी, आणि जाळीला अर्धा इंची पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाइप ९ ते १२ इंचांच्या अंतराने बांधा. काँक्रीट ओतताना पाइपांत दाब भरलेला ठेवा आणि गेजकडे एक माणूस बसवा. काटा पडला तर गळती तिथल्या तिथे सापडते. ओतण्याआधी पाइपांशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, पुढे भोक पाडताना ते लागतात.

हीटिंग लगेच सुरू करू नका. युरोपचे ईएन १२६४ मानक सिमेंटच्या थरासाठी किमान २१ दिवस थांबायला सांगते. जाड स्लॅबला चार आठवडे द्या, मग पाणी कोमट ठेवून हळूहळू वाढवा.

जुन्या लाकडी जमिनीखाली, तुळयांमध्ये, पाइप बसवत असाल तर फॉइल उपयोगी पडते. पाइप आणि त्याची उष्णता पसरवणाऱ्या पत्र्याखाली एक-दोन इंच पोकळी सोडा, फॉइल लावलेले काचलोकरीचे (ग्लासवूल) थर चकचकीत बाजू वर करून घाला आणि तुळयांची बाहेरच्या भिंतीकडची टोके फोमने हवाबंद करा. ती उघडी राहिली तर थंड वारा त्या पोकळीतून फिरतो आणि वरची जमीन गार पडते.