एआयसोबतचं कोडिंग थांबवताना काय लिहून ठेवावं

नव्या चॅटमध्ये एआयला आधीच्या कामाचा संदर्भ सहसा नसतो. तेच चॅट लांबवत राहिलात, तर अनेक टूल जुना मजकूर सारांशात आटवतात आणि नेमके बारकावे गळतात. म्हणून प्रगतीची नोंद रेपोमध्येच ठेवा, म्हणजे गिट ज्याच्या बदलांचा इतिहास सांभाळतं त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये.

कॉन्टेक्स्ट (एआयच्या एका वेळी ध्यानात राहतो तेवढा मजकूर) भरण्याची वाट न बघता एआयलाच ‘प्रोग्रेस.एमडी’ ही साधी मजकुराची फाइल लिहायला सांगा: काय झालं, काय अर्धवट आहे, टेस्ट कोणत्या कमांडने चालतात, पुढची एकच पायरी कोणती. सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे कोणते उपाय फसले आणि का. ती नसेल तर नवं सेशन तोच फसलेला उपाय मोठ्या उत्साहाने पुन्हा सुचवतं.

फाइल स्वतः वाचा. टेस्ट न चालवताच ‘पूर्ण’ लिहून मोकळं होण्याची खोड एआयला आहे. एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) किंवा पासवर्ड त्यात उतरलेला नाही ना, तेही बघा. मग कोड आणि नोंद एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये बदल कायमचे नोंदवण्याची पायरी) टाका. काम अर्धवट असेल तर वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या स्वतंत्र शाखेवर. गिट स्टॅशवर (बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याची सोय) विसंबू नका: नव्या, अजून ट्रॅक न झालेल्या फाइल तो आपणहून उचलत नाही आणि नेहमीच्या पुशबरोबर सर्व्हरवरही जात नाही.

नव्या सेशनचा पहिला प्रॉम्प्ट असा: “प्रोग्रेस.एमडी, गिट स्टेटस आणि शेवटचे 5 कमिट वाच. काय समजलं ते सांग. तोवर कोडला हात लावू नकोस.”

फाइल पानभरच ठेवा. संपलेल्या नोंदी बिनधास्त उडवा, गिटमध्ये त्या सापडतातच.