पोलिसांविरुद्ध अर्ज करताय? पोच घेतल्याशिवाय हलू नका

लोकांना अर्ज लिहून देणं हाच माझा उद्योग. पोलिसांविरुद्धच्या बऱ्याच तक्रारी ढिसाळ लिहिल्यामुळेच पडतात. ‘पोलिसांनी फार त्रास दिला’ यावर कोण काय चौकशी करणार? त्यापेक्षा लिहा: अमुक तारखेला, रात्री साडेनऊच्या सुमारास, ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर, अमुक बक्कल नंबरच्या हवालदाराने तक्रार घ्यायला नकार दिला, सोबत माझा भाऊ होता. नंबर दिसला नसेल तर खांद्यावरच्या फिती, अंगकाठी, बोललेले शब्द. ‘मुजोर’, ‘भ्रष्ट’ ही विशेषणं मी सरळ खोडतो. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

आता एफआयआरचं. हातात कागद पडला म्हणून खूश होऊ नका, तो एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीचा, आहे का ते बघा. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा, असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. ‘ही आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर मागा, म्हणजे याच ठाण्यात नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवला जाणारा. तरीही नकारच असेल तर अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नाहीत? हुज्जत घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, स्पीड पोस्टने पाठवा. पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तिथे हीच पावती लागते.

मारहाण ठाण्यातच झाली असेल तर सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याचा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या. फुटेज १८ महिने, किमान वर्षभर तरी ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. पण ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तयारच असतं, म्हणून घाई करा. सरकारी दवाखान्यात तपासणीही करून घ्या.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा प्रकरणांसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते नेमण्याचा आदेश दिला, महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात आणलं. पीडिताच्या घरच्यांनाही तिथे तक्रार करता येते.

महिना उलटूनही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका, उत्तर टाळतात. माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला आणि त्यावर काय शेरा मारला, त्याची प्रत मागा.