‘मागील भागात’ न बघता मागचं आठवायचं कसं?

आठवड्याला एकच भाग येणाऱ्या रहस्यमालिकेचे निम्मे धागे पुढच्या भागापर्यंत डोक्यातून गेलेले असतात. ‘मागील भागात’ बघावं, तर त्यातूनच आज कोणाचं बिंग फुटणार ते कळतं. चार भाग गायब असलेला माणूस तिथे झळकला, की समजून जायचं!

‘सेव्हरन्स’चा दुसरा सीझन (जानेवारी ते मार्च २०२५, दर शुक्रवारी एक, एकूण १० भाग) मी असा पाहिला:

१. भाग संपल्या संपल्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या शुक्रवारी रात्री ९ ची नोंद टाकायची.
२. तिच्यात तीनच ओळी. कोण काय लपवतंय, कुठली वस्तू उगाचच जवळून दाखवली, आणि आपला संशय कोणावर. नावं विसरली तर ‘बकऱ्यांवाली बाई’ असं लिहिलं तरी चालतं.
३. शुक्रवारी आठवण वाजली की त्या ओळी वाचायच्या आणि ‘मागील भागात’ सरळ वगळायचं.

फक्त घरातल्या सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये ही नोंद टाकू नका. मी टाकली होती. दोन भाग मागे असलेली ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.